चौदा गुणिले अकरा

मच्छे गावातल्या एका कारखान्यात मी मापं तपासते. यंत्रांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी एकेकाला मायक्रोमीटर लावते, केसभर फरक दिसला तरी तो भाग बाजूला काढते. बारा वर्षं हेच काम. त्यामुळं आकडा चुकला की आधी मी स्वतःवर संशय घेते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही कारखान्याजवळच घर घेतलं. विकणारा भरमू पैसे घेऊन गोव्याकडं निघून गेला. त्याची भावजय मनुबाई शेजारच्या घरात राहते. विक्री तिला मान्य नव्हती. आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून ती भांडी घासलेलं पाणी आमच्या फाटकासमोर ओतायची आणि कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून बघत राहायची. मी हसले तर तोंड न फिरवता तशीच बघायची.

मागची खोली माझ्या आईसाठी होती. निपाणीत तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि थोडे दिवस ती आमच्याकडं येणार होती. जुनी फरशी उखडलेली, म्हणून नवी घालायचं ठरलं. इंटरनेटवर एक कॅल्क्युलेटर आहे. रंग किती लागेल, टाकीत किती लिटर मावतं, फरशी किती लागेल, सगळं निघतं. पुढच्या खोल्यांचा रंग मी त्यावरच काढला होता आणि तो बरोबर पुरला होता.

मागच्या खोलीत उभी राहून मी टेप लावली. लांबी चौदा फूट, रुंदी अकरा. फोनवर आकडे घातले.

उत्तर आलं, एकशे छत्तीस.

पुन्हा घातले. अकरा गुणिले चौदा करून बघितलं. एकशे छत्तीस. तेरा गुणिले अकरा एकशे त्रेचाळीस येत होते, म्हणजे बरोबर. अंगणात जाऊन तोच हिशोब केला तर एकशे चोपन्न. उंबरा ओलांडून आत आले, एकशे छत्तीस.

ओमकारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दाखवलं. तो त्या दिवसांत कशावरही खेकसायचा.

"चौदा अक्रे किती, ते तुला येत न्हाय व्हय? फोन कशाला लागतो?"

मी कागदावर गुणाकार केला आणि एक फुटाच्या एकशे चोपन्न फरशा मागवल्या. टेम्पोतून उतरताना स्वतः मोजून घेतल्या.

भावकू गवंड्यानं दोन दिवसांत काम उरकलं. फरशी एकही फुटली नाही, कापावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेली होती. दाराशी अठरा फरशा रचून ठेवलेल्या.

"ताई, जादा मागवल्या का?"

"नाही."

आम्ही दोघांनी मोजलं. एका ओळीत चौदा, अशा अकरा ओळी. जमिनीवर एकशे चोपन्न. दाराशी अठरा. भावकूनं दुसऱ्यांदा मोजायला सुरुवात केली, मध्येच थांबला आणि हात झटकून बाहेर गेला. त्याची थापी आतच राहिली. आणून देऊ का विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिथंच."

भिंतीपलीकडून मनुबाई पहिल्यांदा बोलली.

"उरल्या न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"भरमूनं घर विकलं. पर जेवडी जागा त्याची हुती तेवडीच विकली. बाकीची त्याला इकता येत न्हाय."

"कुणाची आहे बाकीची?"

ती घरात गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

अठरा चौरस फूट म्हणजे सहा बाय तीन. हे मला कारखान्यात, टेबलाशी काम करताना सुचलं. एका माणसाचं अंथरूण.

हे ओमकारला सांगितलं तेव्हा तो ताट सारून उठला. स्वतःच्या आईलाही आणायचं नसेल तर सरळ सांग, म्हणाला. रविवारी आई आली. लोखंडी खाट मागच्या खोलीत लावली.

सोमवारी सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा आई खाटेच्या अगदी कडेला होती. एक पाय खाली लोंबत होता, एका हातानं गज घट्ट धरलेला.

"आई, अशी का झोपलीस?"

"मी कुठं झोपली? तूच येऊन पडलीस की शेजारी. किती येळा म्हटलं, सरक गं जरा. सरकायचं नाव न्हाय. लई गार लागत हुतं तुझं अंग."

मी तिथंच उभी राहून फोन काढला.

चौदा गुणिले अकरा.

एकशे अठरा.

आणखी अठरा गेले होते.

मी आईला तिची औषधंही गोळा करू दिली नाहीत. समोरच्या रिक्षावाल्याला बोलावलं, तिला धरून बाहेर आणलं. मनुबाई भिंतीशी होती. आमच्याकडं बघून ती सावकाश म्हणाली, "आता न्हेऊन काय उपेग?"

ओमकार पहिल्या पाळीला गेला होता. त्याला फोन लागला नाही. बसस्थानकावरून मी भाड्याची गाडी केली. दुपारी दोनपर्यंत आम्ही निपाणीत पोचलो. आईच्या स्वयंपाकघरात बसून मी हिशोब केला. एकशे चोपन्न. पुन्हा केला. एकशे चोपन्न. आई पलंगावर टेकून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिला कसलीच भीती नव्हती. माझी गेली नव्हती.

चार वाजता ओमकारचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका मऊ होता.

"कुठं हाईस गं? घर उघडंच टाकून गेलीस."

"निपाणीला आलेय. तुम्ही कुठं आहात?"

"मागच्या खोलीत. आईंना चहा देऊ का? कवाच्या झोपल्यात. हाक मारली तर नुसतं हूं म्हणतात."

मी आईकडं बघितलं. तिनं सोललेले दाणे वाटीत टाकले.

"अहो, बाहेर या. आत्ता. काही विचारू नका, अंगणात या."

"थांब जरा," तो म्हणाला. "बसायला सांगतायत."

मग त्याचा आवाज आला नाही. खाटेची करकर मात्र स्पष्ट ऐकू आली, कुणीतरी सरकून दुसऱ्याला जागा करून देताना होते तशी.