नौका हलली नाही

‘सारंगा’ या अंतराळनौकेच्या नियंत्रण कक्षात बाहेरच्या कॅमेऱ्यांचे पडदे चालू होते. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेल्या दिगंबर घागांचा आवाज तासाभरापूर्वी बंद झाला होता. त्यांच्या सुरक्षादोराचे सुटलेले टोक कॅमेऱ्यापुढे संथ तरंगत होते. त्यापलीकडे काळोख होता. कोणाचीही वाट न पाहणारा.

“तीनशे मीटरपर्यंत घाग दिसत नाहीत. म्हणजे त्याहून लांब गेलेत,” नौकाप्रमुख अन्वर मुजावर म्हणाले. “इंजिन पेटवून शोधायला निघू. त्यांचा प्राणवायू चाळीस मिनिटं पुरेल.”

“कुठल्या दिशेला?” भौतिकशास्त्रज्ञ ललिता घाणेकरांची नजर वेगांतरमापीवर होती. नौकेच्या वेगातला केसभर फरकही हे यंत्र टिपत असे. आता काटा शून्यावर होता.

“ललिताताई, वर्ग नंतर भरवा.”

“दोनच वाक्यं, सर. घाग दूर गेले असतील, तर नौकेला रेटूनच. त्यांनी जेवढा संवेग नेला, तेवढाच उलट दिशेने नौकेला मिळणार. तासात तीनशे मीटर, म्हणजे सेकंदाला आठ सेंटिमीटर. नौका त्यांच्या चाळीसपट जड. तिला सेकंदाला दोन मिलिमीटर वेग यायला हवा. आलेला नाही.”

“दोनच म्हणाला होतात. यंत्र बिघडलं असेल.”

उत्तरादाखल ताईंनी भिंतीला पाय रेटला. वजनहीन कक्षात त्या अलगद तरंगत निघाल्या, आणि काटा हलला. समोरची भिंत धरून त्या थांबल्या. काटा शून्यावर परतला.

“घागही असेच चालले आणि थांबले. ते नौकेवरच आहेत.”

“मग दिसत का नाहीत? बोलत का नाहीत?”

“कॅमेऱ्यांना न दिसणारी जागा कुठली?”

मुजावरांचा हात इंजिन पेटवायच्या बटणावर होता. तो त्यांनी सावकाश उचलला.

“इंजिनाची ज्वालानलिका,” ते पुटपुटले. “चहूकडून धातू. रेडिओ पोचणार नाही. आणि आत शिरायला दोर पुरत नाही.”

ते मागच्या भिंतीपाशी गेले. तिथे अडकवलेला पाना काढून तिच्यावर तीन ठोके दिले आणि तिला कान लावला.

धातूतून तीन ठोके परत आले. मग थोड्या वेळाने चौथा. जरा वैतागलेला, कामात मध्येच अडवल्यासारखा.