सातव्या मशीनची खटखट

जेवणाची सुट्टी संपवून शर्टाच्या कारखान्यातली कॉलरवाली जागेवर परतली, तर तिच्या सातव्या नंबरच्या शिलाई मशीनखालून दोन पाय बाहेर आलेले.

"कोण आहे?"

पाय आत गेले आणि डोकं बाहेर आलं. कपाळाला ऑइल फासलेलं, हसू मात्र एकदम स्वच्छ. "नवा मेकॅनिक. तुमची मशीन खटखट करत होती ना? केली बंद. आता चालवून बघा."

हसावं की रडावं, तिला कळेना. ती खटखट म्हणजेच तर सगळ्यांचा ताल होता! महिन्यापूर्वी सुपरवायझरने भिंतीवर कागद डकवला होता: कामाच्या वेळी गाणं बंद. तेव्हापासून हॉलमधल्या चाळीसजणी तोंड मिटून गात होत्या. मशिनींच्या आवाजाखाली, ओठ न हलवता. सातव्या मशीनची खटखट धरून बाहीवाली, काजवाली मावशी, सगळ्या बरोबर चालायच्या. दिवस कसा भुर्रकन जायचा, आणि गातंय कोण ते सुपरवायझरच्या बापालाही कळायचं नाही.

त्या दुपारी मात्र बाहीवाली गाण्यात पुढे पळाली, मावशी मागे राहिली आणि तिसऱ्या ओळीला सगळ्याच गप्प झाल्या. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये सुतकी कळा.

दुसऱ्या दिवशी तिने मेकॅनिकला गाठलं आणि सगळं कानात सांगितलं. "कुणाला बोललात तर याद राखा."

"नाही बोलणार. पण मशीन बिघडवायला पहिल्यांदाच बसतोय हं." तो खाली सरकला. "कशी होती खटखट? म्हणून दाखवा."

ती वाकून हळूच गुणगुणली. त्याने स्क्रू सैल केला.

"अशी?"

"ही तर लंगडी घालतेय."

"मग... अशी?"

"अजून जरा हळू—"

"मशीन, की मी?"

"दोघंही," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

"पोरी," शेजारून मावशी म्हणाली, "कॉलर उलटी लावलीस."

ताल जमला, गाणं पुन्हा सुरू झालं. पण रोज सकाळी ती खटखट गायब व्हायची आणि रोज मेकॅनिकला बोलवावं लागायचं. कॉलरवालीची काही तक्रार नव्हती.

पाचव्या दिवशी, तो मशीनखाली असतानाच, सुपरवायझरने टाळी वाजवली. "सगळ्या मशिनी बंद! कोण गुणगुणतंय ते आज कळलंच पाहिजे. सापडली की घरी."

मशिनी थांबल्या. बायका चिडीचूप. एक आवाज मात्र चालूच होता... सातव्या मशीनखालून, जाडाभरडा, तल्लीन. सुपरवायझर तरातरा तिकडे निघाला.

कॉलरवालीने मशीनखाली नजर टाकली. याची नोकरी जाणार! आणि गातोय तरी कसा? दुसरी ओळ खाली उतरायची, तर हा वर चढलेला. तिला त्याची काळजी वाटली, त्याच्यावर फार फार प्रेम आलं, आणि ती चाल काही केल्या सहन होईना. ती उभी राहिली आणि दुसरी ओळ तोंड उघडून, खणखणीत गायली.

तिसरी मावशीने उचलली. मग चाळीसजणी उभ्या राहिल्या. महिनाभर कोंडलेले आवाज असे सुटले, की खिडकीच्या काचा थरथरल्या. सुपरवायझर एकेकीकडे बघत राहिला. काढणार कुणाला? शर्टांची खोकी संध्याकाळीच भरून जायची होती. "हात चालू ठेवा म्हणजे झालं," असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

मेकॅनिक बाहेर आला, गोंधळलेला.

"आम्हाला वाचवायला मुद्दाम गात राहिलात ना?" तिने विचारलं.

"नाही हो... मशिनी थांबल्याचं कळलंच नाही. आणि मला गाता तसंच येतं." त्याने हात पुसले. "अजून एक. खटखट पहिल्याच दिवशी जमली होती. रोज सकाळी मीच लवकर येऊन स्क्रू आवळत होतो. तुम्ही बोलवावं म्हणून—"

 ती खुदकन हसली.

"दुसरी ओळ शिकायला हवी तुम्हाला."

"उद्या सुट्टीत येऊ?"

"ये," ती म्हणाली.

मावशीने सुईवरून मान वर केली. "आत्तापर्यंत 'तुम्ही' होतं ना गं?"

"आत्तापर्यंत होतं," कॉलरवाली म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाली, "ये हं."