पांढरीचा हिरवा डोळा

बसा शिंपीदादा. बोलावलं कशाला ते सांगते, पण आधी ऐकून घ्या. तुम्ही शेजारच्या दुकानात नवीन, तुम्हाला ठाऊक नसणार.

काम तसं साधंच होतं. शाळेत नाव घालायचं म्हणून माझी नणंद तिच्या बबडीला फोटोला घेऊन आली होती. भर दुपार. पण आमच्या स्टुडिओला खिडकी नाही, दार लोटलं की आत काळोखच. सासऱ्यांनी हा धंदा माझ्या गळ्यात मारला तेव्हापासून मी लोकांचे डोळेच बघत आलेय. माझे स्वतःचे मात्र एकाही फोटोत उघडे नाहीत. जन्म कॅमेऱ्यामागे गेला ना, पुढे उभी राहिले की फ्लॅश उडायच्या आत पापण्या मिटतात. घरचे चिडवतात, हिचा फोटो झोपेतच काढा म्हणून.

आमच्याकडे एक मांजर होतं, पांढरी. एक डोळा निळा, एक पिवळा. निळ्या बाजूच्या कानाने ठार बहिरी. तिकडून हाका मारून घसा बसला तरी बाईसाहेब ढिम्म! फोटोत तिचा निळा डोळा लाल चमकायचा आणि पिवळा हिरवा. मला वाटलं कॅमेराच बिघडला. मग जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं. मांजराच्या डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो, तो हिरवा चमकतो. पांढऱ्या मांजराच्या निळ्या डोळ्यात बहुतेक वेळा तो नसतो, मग आतलं रक्त तेवढं लाल दिसतं. माणसालाही तो पडदा नाही, म्हणून आपलेही डोळे फोटोत लाल येतात. गेल्या हिवाळ्यात पांढरी याच खुर्चीखाली मेली. मीच पुरलं तिला. रडले हो, खोटं कशाला बोलू.

तर बबडी. मोठे दिवे लावले की ती भोकाड पसरते, म्हणून मी छोटा कॅमेरा घेतला. त्याचा फ्लॅश अगदी नाकासमोर उडतो, डोळे लाल येणारच. ते आम्ही नंतर कॉम्प्युटरवर एका बटणाने काळे करतो. हाताला इतकी सवय की बघतसुद्धा नाही. बटण दाबलं. उजवा डोळा काळा झाला. डावा होईना, कारण ते बटण फक्त लाल ओळखतं. आणि डावा डोळा हिरवट पिवळा चमकत होता.

"वहिनी, तेवढा हाताने काळा करून टाक ना," नणंद म्हणाली. "उद्या द्यायचाय शाळेत."

केलाही असता. रोजचंच काम ते. पण फोटोत खुर्चीखाली मला एक लाल ठिपका दिसला. मांजराच्या उंचीवर. एकटाच. शेजारी हिरवा असायला हवा होता, तो नव्हता.

खाली वाकून पाहिलं, काही नाही. दुसरा फोटो काढला. आता ठिपका बबडीच्या मांडीवर. ऊन खाल्लेल्या लोकरीसारखा वास आला, पांढरीच्या अंगाला यायचा तसा. मग घरघर सुरू झाली.

"वहिनी... आवाज कसला गं?"

"फ्रिजचा."

"इथे फ्रिज कुठाय?"

मी बबडीजवळ गेले आणि हळूच हाक मारली. तर पोर म्हणते, "मामी, या बाजूने बोल. तिला तिकडून ऐकू येत नाही."

नणंद पांढरीफटक पडली. "झपाटलं का गं माझ्या पोरीला?"

"ते मला ठाऊक नाही. पण माणसाच्या डोळ्यात हिरवं चमकत नाही. ऊठ, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"मेलेल्या मांजरापायी माझ्या पोरीला दवाखाना दाखवतेस?" असं रस्ताभर बोलत होती. डोळ्यात गाठ निघाली, दादा. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असतात तर पोर हातची गेली असती. डोळा काढावा लागला. पण जीव वाचला. नणंद माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि मी मनातल्या मनात पांढरीला हात जोडले.

काल बबडी बसवलेला नवा डोळा घेऊन आली, मजेत. ह्यांनी आम्हा तिघींचा फोटो काढला, त्याच छोट्या कॅमेऱ्याने. नणंदेचे दोन्ही डोळे लाल. बबडीचा एक लाल, बसवलेला निर्जीव, बरोबरच आहे. आणि माझ्या मांडीवर एक लाल ठिपका. एकटाच.

हिरवा कुठे गेला म्हणून फोटो कोपरान्‌कोपरा शोधला. कुठेच नाही. माझे डोळे तेवढे मिटलेले होते. ह्यांना पुन्हा काढायला लावला. पुन्हा मिटले. हे हसतात हो, ह्यांना थट्टा वाटते.

उद्या सकाळी त्याच डॉक्टरांकडे जाणार आहे मी. पण रात्र कशी काढू? मला आत्ता बघायचंय. हा घ्या कॅमेरा. मी बोटांनी पापण्या वर धरते. एक दोन तीन म्हणू नका, सरळ दाबा.

आणि... ही घरघर तुमच्या शिलाई मशीनची ना?

बंद करून आलात?

बरं. दाबा तुम्ही.