सोळा ठोक्यांची जागा

ब्याण्णव साली मी इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होतो. हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी कानांपेक्षा मीटरच्या काट्यावर जास्त भरवसा ठेवला होता.

आम्ही चौघं होतो. सुजय गायचा आणि गिटार वाजवायचा, गाणीही तोच लिहायचा. धनेश ड्रमवर, मंजिरी कॅसिओवर आणि मी बेस गिटारवर. चौघांचीही घरं परदेशीपुऱ्यात, चौघांचेही वडील एकाच मिलमधले. मिल बंद पडून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बँडचं नाव आम्ही 'तीसरी पाली' ठेवलं होतं, कारण आमच्या लहानपणी घरातला कोणी ना कोणी कायम तिसऱ्या पाळीला गेलेला असायचा.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात फिल्मी गाणी वाजवायची नाहीत, हे सुजयनं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीकडे त्यानं आमची चार गाणी पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा तो म्हणाला, "अरे भिया, कॅसेट तर कॅसेट असते. अपनच काढू."

आम्ही कॅसेट काढली. आवाज घुमतो म्हणून बंद मिलच्या सांचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या शेडमध्ये, दुपारी, चौकीदाराची परवानगी काढून रेकॉर्डिंग केलं. माग भंगारात गेले होते. फरशीवर त्यांच्या पायांच्या चौकोनी खुणा ओळीनं उरल्या होत्या आणि तेलाचा वास भिंतीतून येत होता. शेवटच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर धनेशच्या हातून काठी निसटली. ती शोधून त्यानं पुन्हा ठेका धरेपर्यंत सोळा ठोक्यांची रिकामी जागा राहिली. पुन्हा वाजवणार होतो, पण चौकीदार किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला. सुजय म्हणाला, "राहू दे. छान वाटतं. श्वास घेतल्यासारखं."

दुकानातल्या दोन डेकवर मी एकेक कॅसेट उतरवून काढली. मंजिरीनं कव्हर हातानं लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. आणि आम्ही गावोगाव फिरायला लागलो.

पहिला कार्यक्रम देपालपूरला, बाजाराच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. धान्याच्या मंडीत पोती रचून स्टेज केलं होतं. लोक येत होते, जात होते, शेंगा खात होते. शेवटच्या गाण्यात ती जागा आली. आम्ही आता ती मुद्दाम रिकामी सोडायचो. त्या शांततेत पुढच्या रांगेतला एक म्हातारा ताडकन उभा राहिला. हात वर करून म्हणाला, "हाजिर, साब!"

मंडी हसली. आम्हीही हसलो.

नंतर एक बाई कॅसेट घ्यायला आली. ती मंजिरीला म्हणाली, "नाम वाला हिस्सा अच्छा है."

"कौन से नाम?"

बाईला वाटलं, मंजिरी थट्टा करते आहे. ती कॅसेट घेऊन निघून गेली.

उज्जैनला तिघं उभे राहिले. देवासला पाच. सगळे मिलमधून सुटलेले, पन्नाशीच्या पुढचे. त्या सोळा ठोक्यांत सगळा जमाव मान थोडी तिरपी करून ऐकायचा. पोरं रडायची थांबायची. मला मात्र फक्त स्पीकरची घरघर ऐकू यायची.

दुकानात मी ती कॅसेट मशीनवर लावली. तिसरं कडवं संपलं, काटा खाली आला आणि शून्यावर पडून राहिला. हेडफोन लावून वीस वेळा ऐकलं. काही नव्हतं. मग मंजिरीनं तिच्या शोभनामावशीला ऐकवलं. मावशीचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता, ती शाळेत शिक्षिका होती. ऐकता ऐकता तिनं पदर सावरला.

"कोणी कारकून आहे गं. हजेरी घेतोय. घाई नाही त्याला, एकेक नाव वाचतोय. कोण आहे हा?"

मंजिरीनं आणखी चौघांना ऐकवलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, नावं मात्र प्रत्येकाला वेगळी ऐकू आली. ज्यांना काहीच ऐकू येत नव्हतं असे जगात चौघंच निघाले. रेकॉर्डिंगच्या वेळी तिथं असलेले आम्ही चौघं.

त्यानंतरच्या आठवड्यात एक शेतकरी माणूस मला शोधत दुकानात आला. देपालपूरच्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा. शांतपणे बोलत होता.

"आपके प्रोग्राम के दूसरे दिन बापू सवेरे उठे, नहाए, रोटी बाँधी. बोले, पहली पाली में नाम आ गया. इंदौर की बस में बैठे." त्यानं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "आपने उनको काम पे लगाया है क्या? कहाँ लगाया?"

मी म्हणालो, आम्ही गाणं वाजवतो, बस. त्यानं मान हलवली. मग एक कॅसेट मागून घेऊन गेला.

मी उज्जैनला चौकशी केली. तिघंही गेले होते. देवासचे पाचही. कोणाचंच प्रेत सापडलं नव्हतं, चिठ्ठी नव्हती. सगळे आंघोळ करून, डबा घेऊन, खुशीत निघाले होते.

त्या संध्याकाळी मंजिरी म्हणाली, "बंद करू. ते गाणं तरी बंद करू."

सुजय गिटारच्या तारा पुसत होता. "आपण कोणाला कुठं पाठवतो का? गाणं वाजवतो. मुंबईच्या कंपनीनं आपल्याला उत्तर पण नाही दिलं, मंजू. आता लोक ट्रॅक्टर करून येतात. पूरे गाँव येतात. ते कशासाठी येतात, तू सांग."

"हजेरीसाठी येतात."

"मग येऊ दे ना. दीड वर्षात कोणी त्यांचं नाव तरी घेतलं होतं का?"

मंजिरीनं कॅसिओची पिशवी खांद्याला लावली आणि गेली. ती पुन्हा आली नाही. धनेश माझ्याकडे बघत होता. मी बेसची वायर काढायला घेतली. खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायला लागलं होतं. मांडवात पाय ठेवल्यावर शेकडो माणसं गप्प व्हायची, ते. पोस्टरवरचं आमचं नाव, ते. पुढचे तीन महिने आम्ही तिघं महू, नागदा, खंडवा, बुऱ्हाणपूर करत फिरलो. उभं राहणाऱ्यांकडे मी बघणं सोडलं होतं. त्या सोळा ठोक्यांत मी बेसच्या चाव्या पिळत बसायचो.

मग इंदूरचा कार्यक्रम ठरला. परदेशीपुऱ्याच्या मैदानावर, रविवारी चार वाजता.

माझे वडील, तुकोजी, मिलमध्ये सांचेखात्यात जॉबर होते, मागवाल्यांचे मुकादम. सव्वीस वर्षं. बंद पडल्यापासून ते दाराजवळच्या खाटेवर बसून असायचे. कोणी काम विचारलं तर म्हणायचे, "आमची मिल चालू होणार आहे." माझी कॅसेट त्यांनी कधी ऐकली नव्हती. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली आणि आईकडे इस्त्रीचा सदरा मागितला.

"बाबा, तुम्ही नका येऊ," मी म्हणालो.

"का रे?"

"गर्दी असते."

ते आरशातून माझ्याकडे बघत होते. "भीती कसली वाटते तुला? माझं नाव येईल याची, का येणार नाही याची?"

मी सरळ धनेशकडे गेलो. त्याचेही वडील येणार होते. आम्ही सुजयला न सांगता ठरवलं, की आज ती जागा रिकामी सोडायची नाही. तिसरं कडवं संपलं की धनेशनं थेट ड्रम बडवायचे, जमेल तितक्या जोरात, आणि मी त्याच्याबरोबर बेस. सोळाच्या सोळा ठोके भरून काढायचे.

मैदान भरलं होतं. भिंतींवर, गच्च्यांवर माणसं. बहुतेक पुरुष डोक्याला तेल लावून, धुतलेल्या कपड्यांत. वडील चौथ्या रांगेत बसले होते, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ.

तिसरं कडवं संपलं. धनेश सुरू झाला.

इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. स्टेजच्या फळ्या हलत होत्या. सुजय गर्रकन वळून आमच्यावर ओरडला, तेही मला ऐकू आलं नाही. मी खाली बघितलं.

लोकांच्या माना तिरप्या झाल्या होत्या.

एक उभा राहिला. मग दुसरा. मग कडेचे चौघं एकदम. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. धनेशचे वडील उभे राहिले. आणि मग चौथ्या रांगेत माझे वडील उठले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि हात वर केला.

धनेशनं काठ्या टाकून दिल्या. उतरून तो गर्दीत शिरला.

घरी वडील मजेत होते. "एवढा गोंगाट केलात," ते म्हणाले, "पण आवाज काय स्पष्ट होता बघ." जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "सकाळी सहाला डबा पाहिजे. पोळी आणि बटाटा."

झोपण्यापूर्वी मी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून दाराला पाठ लावून आडवा झालो.

उजाडलं तेव्हा किल्ली मुठीतच होती. कुलूप लागलेलं होतं. खाट रिकामी होती. बूट नव्हते, डबा नव्हता.

आई चहा गाळत होती. "पाळीवर गेले," ती म्हणाली.

"दार बंद आहे, आई."

"मग?"

मी सायकलवरून मिलच्या फाटकापर्यंत गेलो. साखळी गंजलेली होती आणि साखळीपासून खांबापर्यंत कोळ्याचं जाळं अख्खं होतं. चौकीदारानं कोणाला बघितलं नव्हतं. फाटकाच्या फटीतून सांचेखातं दिसत होतं. छपराचे पत्रेही आता विकले गेले होते. फरशीवर ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं. माझ्या आधी आणि माझ्यानंतर त्या फाटकाशी बरीच माणसं आली. मुलं, बायका, एक सून. धनेश जमिनीवर बसून होता.

ठाण्यात मी तक्रार लिहून दिली. हवालदारानं कागद एका जाड गठ्ठ्यावर ठेवला.

मी आईला म्हणालो, आपण शोधू, मी बुऱ्हाणपूरपर्यंत जाऊन येतो. ती तांदूळ निवडत होती.

"ज्यांचं नाव आलं नाही त्यांच्या घरी जाऊन बघ एकदा," ती म्हणाली. "कसे बसलेत ते बघ. आमचे निदान कामावर गेलेत."

तेराव्या दिवशी मी रतलामला गेलो. नातेवाइकांना वाटलं, वडिलांना शोधायला गेला. तसं नव्हतं. रतलामची पोस्टरं आधीच लागली होती, सुजयनं दुसरा ड्रमर बघितला होता, आणि घरात बसून मला करमत नव्हतं.

रेल्वेवाल्यांच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता, दुपारचा. पंखे फिरत होते. दारांपर्यंत गर्दी होती. तिसरं कडवं संपलं आणि मी सवयीप्रमाणे चाव्या पिळायला मान खाली घातली.

कोणी "हाजिर" म्हणालं नाही.

मी वर बघितलं. कोणीच उभं राहिलं नव्हतं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, मी हात वर करायची वाट बघत असल्यासारखा.

सोळा ठोके झाले. सुजयनं पुढचं कडवं उचललं नाही. तो माइकपाशी उभा होता, त्याची मान थोडी तिरपी होती.

"सुजय," मी म्हणालो. "काय ऐकलंस?"

"काही नाही," तो म्हणाला. त्यानं गिटार खांद्यावरून काढली आणि माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

लोक आवाज न करता उठून बाहेर पडले. मी वायरी गुंडाळायला लागलो. तेवढ्यात एक म्हातारी बाई स्टेजजवळ आली. तिनं मला खुणेनं वाकायला सांगितलं. मी वाकलो. तिनं माझ्या केसांतून बोटांनी काहीतरी उचललं आणि तळहातावर धरून मला दाखवलं. कच्च्या कापसाचा पुंजका होता, तेलानं थोडा काळवंडलेला, पाळीवरून आल्यावर वडिलांच्या केसांत असायचा तसा. मग तिनं कानामागून दुसरा काढला. मग कॉलरमधून तिसरा.

तिन्ही पुंजके तिनं पदराच्या टोकाला बांधले, प्रसाद बांधावा तसे, आणि ती माझ्या पाया पडली.