लाल डगला

सापार डगला काखेत मारून वाळवंटातल्या, कायम धगधगणाऱ्या आगीच्या खड्ड्याकडे निघाला, तेव्हा ऊन उतरायचं होतं. चालणं मात्र चोरासारखं. असणारच. आग बघायला येणाऱ्या पाहुण्यांना उंटिणीचं दूध विकता यावं, पिल्लाच्या तोंडी जाऊ नये, म्हणून या बाबानं तिचं आठ दिवसांचं पिल्लू कापलं, तेही तिच्यादेखत. ती चवताळून अंगावर आली, हा पळत सुटला, आणि खड्ड्याच्या काठावरची माती खचून ती आगीत पडली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आगीच्या घरघरीतून तिचं ओरडणं ऐकू येई. वाळूत पावलं उमटत, काळी पडलेली, रोज घराच्या थोडी जवळ.

"उंट डूख धरतो, ठाऊक नव्हतं?" शेजारचे म्हातारे दुर्दी आगा सकाळीच म्हणाले होते. "तुझ्या अंगचा कपडा दे तिला. वासावर तुटून पडेल, तुडवेल, राग निवेल. मग माणसाला सोडते."

"मेलेली असली तरी?"

"मेल्यावर शहाणपण येतं असं कुणी सांगितलं तुला?"

काठाशी पोचल्यावर सापारनं डगला खाली आगीत फेकला. तो जळला नाही. खालून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा गेला. मग हुंगल्याचा आवाज आला, बराच वेळ... आणि सगळं शांत झालं. सापारला हायसं वाटलं.

घरी बायको, नाबात, चहा ओतत होती.

"तुमचा लाल डगला कुठंय हो? मारलला गुंडाळायचंय."

"त्यात कशाला?"

"कशाला म्हणजे? थंडीभर पोर त्यातच झोपतेय. तुम्ही कुठं घालता तो..."

सापारनं सगळं सांगितलं.

"तिचं पिल्लू मारलंत," नाबात हळूच म्हणाली, "आणि आपल्या पिल्लाचा वास तिला नेऊन दिलात."

सहा महिन्यांच्या मारलला तिनं पोटाशी घट्ट धरलं. सापार काठी घेऊन दारात बसला. काहीच आलं नाही. पहाटे दोघांचाही डोळा लागला, क्षणभरच.

नाबात दचकून उठली. लेक कुशीतच होती, धडधाकट. नाबातला रडूच कोसळलं. तिनं तिला छातीशी लावलं.

मारलनं तोंड फिरवलं.

तिच्या ओठांवर दूध होतं. दाट, कोमट. त्याला करपल्या केसांचा वास येत होता. पोर आईच्या खांद्यावरून उघड्या दाराकडे बघत होती, आणि कुणी घ्यायला आल्यासारखे तिनं दोन्ही हात वर केले.