कापसाच्या खोलीतून

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण अनुपला खोटारडा म्हणू नका. त्या माणसाची झोप आधीच गेलेली आहे.

गाव अंजनगाव सुर्जीपासून चार-पाच किलोमीटरवर. गेल्या वर्षीचा जानेवारी, गुरुवारची रात्र, थंडी मरणाची.

अनुप आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवतो. घरात वडील पंजाबराव, बायको प्राजक्ता आणि सहा वर्षांची आचल. वऱ्हाडात वेचणी झाली की कापूस विकेपर्यंत घरातच भरून ठेवतात. अनुपकडे पुढची खोली दरवर्षी आढ्यापर्यंत भरते. अशा घरात आगीची धास्ती सगळ्यांनाच असते. पाहुण्याला बिडीसुद्धा अंगणाबाहेर जाऊन ओढावी लागते. त्यामुळे अनुप रात्री उठून त्या खोलीच्या लाइनचं बटन बघायचा, तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पंजाबराव चारचौघांत कौतुक करायचे, "माह्या पोरासारखं ध्यान कोनाचं नाई."

इथेच सगळे चुकले.

अनुप एकदा बघून झोपत नव्हता. बटन बघायचा, हात लावायचा, अंथरुणात यायचा. पाठ टेकली की मनात यायचं, हात लावताना चालू तर नसेल झालं? मग परत उठायचा. वीस वेळा. तीस वेळा. हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं, पण कळून काही उपयोग नव्हता. शेवटी तो प्राजक्ताला हलवून विचारायचा, "बंद हाये ना?" ती "हाव, बंद हाये" म्हणाली की दहा मिनिटं बरं वाटायचं.

आदल्या वर्षी कापूस विकला, खोली झाडून काढली, तरी हे थांबलं नाही. तेव्हा कुठे प्राजक्ता त्याला अमरावतीला घेऊन गेली.

डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. गोळ्या दिल्या. अनुपला सांगितलं, बटन एकदाच बघायचं, नंतर कितीही जीव तळमळला तरी उठायचं नाही. आणि प्राजक्ताला सांगितलं, "त्यांनी विचारलं तर उत्तर देऊ नका. तुमच्या उत्तराने त्यांना दहा मिनिटं बरं वाटतं, आणि आजार वाढतो."

त्या गुरुवारी सलग तिसरी रात्र होती. डोळ्याला डोळा नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. दोन वाजले असतील. त्याच्याने राहवेना.

"बंद हाये ना?"

प्राजक्ता गप्प.

त्याने परत विचारलं.

घरात कसलाच आवाज नव्हता. आणि मग...

"हाव. बंद हाये."

अगदी हळू. अनुपचं अंग सैल पडलं. तो चार तास झोपला.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "तू सांगतलं म्हनून झोपलो. डॉक्टरले नको सांगू."

प्राजक्ताने कप खाली ठेवला. "मी कुठी सांगतलं? मी त ओठ दाबून पडली होती."

अनुपला वाटलं, माझ्यावरच्या मायेपोटी खोटं बोलते बिचारी.

शनिवारी ती आचलला घेऊन अकोल्याला माहेरी गेली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या रात्री खोलीत अनुप एकटा. सवयीने तोंडातून गेलंच.

"बंद हाये ना?"

विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं, बाजूची गादी रिकामी आहे.

"हाव..."

"बंद हाये."

आवाज भिंतीपलीकडून आला होता. कापसाच्या खोलीतून. कोरडा, दबलेला, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. आत माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती.

अनुप घाबरला. पण खरं सांगायचं तर त्याला भीतीपेक्षा हायसंच जास्त वाटलं. इतक्या महिन्यांत न थकता, न चिडता उत्तर देणारं कोणीतरी भेटलं होतं. तो झोपला. मग रोज विचारू लागला.

आधी एकदा विचारून भागायचं. आठवड्याने पाचदा विचारावं लागलं. पंधरा दिवसांनी, प्राजक्ता अजून माहेरीच असताना, तो पहाटेपर्यंत विचारत होता, आणि पलीकडून उत्तर येत होतं.

त्याने डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. झोपेवाचून मन असे आवाज ऐकवतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाज कोणाचाही असो. तुम्ही विचारायचं नाही."

त्याने विचारणं सोडलं. गप्प पडून राहणं हे केवढं कष्टाचं काम आहे, ते त्या रात्रींनी त्याला शिकवलं. फेब्रुवारीत कापूस गेला. एप्रिलपर्यंत तो पाच-सहा तास झोपू लागला. चेहऱ्यावर तजेला आला.

मे महिन्यात एका सकाळी प्राजक्ता डोळे सुजलेले घेऊन उठली.

"रातभर काहून विचारून राहिले होते? मी नाई देल्लं उत्तर. पण त्या कापसाच्या रिकाम्या खोलीत जाऊन काहून बसले होते?"

अनुप रात्रभर झोपलेला होता.

पुढच्या रात्री दोघंही जागे राहिले. दोन वाजले. रिकाम्या खोलीत आवाज घुमला...

"बंद हाये ना?"

आवाज अनुपचा होता. तोच रडवेला, थकलेला सूर. एक शब्द बोललो की त्या आवाजाला झोप लागेल, हे अनुपला ठाऊक होतं. आणि मग तो रोज विचारील, हेही त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने प्राजक्ताचा हात धरला. दोघं गप्प राहिले.

अशा नऊ रात्री गेल्या.

दहाव्या रात्री आवाज आला, आणि मधल्या गादीवरून आचल झोपेतच कुशीवर वळली.

"हाव बाबा. बंद हाये."

पलीकडे सगळं शांत झालं.

अकराव्या रात्री त्या आवाजाने अनुपला विचारलं नाही.

"आचल... बंद हाये ना?"

त्यांनी तिची गादी आजोबांच्या खोलीत हलवली. आवाज तिथेही पोचतो. पंजाबरावांना तो ऐकू येत नाही, निदान ते तसं सांगतात. तिला अकोल्याला नेऊन पाहिलं, तिथेही ती दोनच्या ठोक्याला डोळे उघडून पडलेली असते.

अनुप आता बटन बघायला उठत नाही. पण झोपतही नाही. दोन वाजायच्या आधी तो आचलच्या उशाशी जाऊन बसतो आणि तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवतो. उजाडेपर्यंत हात भरून येतात.

परवा हात फार दुखले, म्हणून त्याने ते जरा उचलले. आचल जागीच होती. आढ्याकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी एक डाव बटन पाहून येऊ?"