ओसरीवरचा चहा

जावातल्या योग्यकार्ताच्या पक्षीबाजारात सरडा पाळायला म्हणून मी काचेची पेटी मागून घेतली, तोच मागून आवाज आला, "ती नको... सरडा काचेत स्वतःलाच बघेल आणि शत्रू समजून झुरेल."

वळून पाहिलं. हसरे डोळे, हातात झाडाची कुंडी.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या घरी सहा आहेत." मग घाईनं, "सरडे!"

तो प्रस्तोवो, जवळच्याच सोलो शहराचा. रंग बदलणाऱ्या सरड्याचं एक पिल्लू तो मला द्यायला तयार झाला, पण आधी घर, मग पाहुणा! दर रविवारी तो, मी भाड्यानं राहायचे त्या घराच्या ओसरीवर येऊ लागला. घरमालकीणबाईंचा नियम, मुलींच्या खोल्यांत मुलांना मज्जाव. आम्ही जाळीचा पिंजरा बांधला, फांद्या तिरक्या बसवल्या, वर ऊब देणारा दिवा लावला. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, हवेतला ओलावा मोजत बसायचे.

"वाटीत पाणी ठेवू?"

"पिणार नाही. साचलेलं पाणी त्याला कळतच नाही. पानावर थेंब हलला, तरच."

"भारीच नखरे!"

"नखरे नाहीत गं... स्वभाव." तो माझ्याकडे बघत होता. मी मापकाकडे.

दर वेळी मी त्याच्यापुढे चहा ठेवायचे. दर वेळी पेला भरलेलाच राहायचा. आम्ही सुमात्रातल्या मेदानचे बाताक लोक — हवं तर उचलायचं, नको तर तोंडावर सांगायचं. याला इथलं काहीच नको, असा निष्कर्ष मी काढला आणि मन आवरलं.

शेवटी तो पिल्लू घेऊन आला. पिंजऱ्यात सोडून म्हणाला, "तिकडे बोर्निओत, बालिकपापनला नोकरी लागलीय. आज निघतोय."

"अभिनंदन."

"एवढंच?"

"अजून काय?"

"काही नाही..." तो फाटकाकडे निघाला.

घरमालकीणबाई पेला उचलायला आल्या. "परत भरलेला! अगं, सोलोचा पोरगा तो. 'घ्या ना' म्हटल्याशिवाय हात लावेल का? कधी म्हणालीस?"

एकदाही नाही.

पेला घेऊन मी धावले. तो हेल्मेट चढवत होता.

"चहा... घे ना."

त्यानं हेल्मेट काढलं. गार चहा उभ्यानंच, घोट घोट, तळापर्यंत प्यायला.

"किती रविवार वाट पाहिली याची," तो म्हणाला.

"मग मागायचा ना, वेड्या!"

"आमच्याकडे मागत नाहीत."

पेला माझ्या हातात देऊन तो गेला. गल्लीच्या वळणावर त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली.

ओसरीवर येऊन मी पानांवर पाणी फवारलं. एक थेंब घरंगळला... पिल्लानं जीभ लावली.

"दे तो पेला, धुते," मालकीणबाई म्हणाल्या.

मी दिला नाही.